दसऱ्याला हॉटेल उघडायचंय, हातात चाळीस दिवस: इंटिरियर कसं बसवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमध्ये तळमजल्यावर 1,200 चौरस फुटांचा गाळा भाड्याने घेतलाय. आधी तिथे कपड्यांचं दुकान होतं. नवरा-बायको मिळून मालवणी जेवणाचं हॉटेल काढताहेत. दसऱ्याचा मुहूर्त पक्का, नातेवाइकांना तोंडी आमंत्रणं गेली, भाडं सुरू झालं. फोनमध्ये वाड्याच्या थीमचे दीडशे फोटो आहेत. डिझायनर म्हणतो होऊन जाईल, सुतार म्हणतो जमणार नाही. ऐकायचं कुणाचं, आणि सुरुवात कुठून करायची?

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पुण्यात बावीस वर्षं हॉटेलांची कामं करतोय. 1,200 फुटांचं काम मी पस्तीस दिवसांतही दिलंय, पण त्या गाळ्यात आधीपासून हॉटेलच होतं. कपड्याच्या दुकानाचं हॉटेल करताना वेळ खातं ते भिंतीच्या आत, फरशीच्या खाली आणि छताच्या वर: पाणी, सांडपाणी, वीज, धूर. तुमच्या दीडशे फोटोंमध्ये यातलं एकही दिसत नाही. फोटोत जे दिसतं ते शेवटच्या बारा दिवसांचं काम, आणि त्यातलं निम्मं दिवाळीपर्यंत लावत राहिलात तरी जेवायला आलेल्या माणसाला पत्ता लागणार नाही. ड्रेनेज मात्र दिवाळीपर्यंत लावत राहता येत नाही.

आधी कॅलेंडर काढा. दसऱ्याच्या आधीचे चाळीस दिवस म्हणजे पाच-सहा दिवसांत गणपती. तुमचा प्लंबर किंवा फॅब्रिकेटर कोकणातला असेल तर तो गावी जाणार, त्याला थांबवायच्या भानगडीत पडू नका. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून प्लायचा टेम्पो निघायचा तर संध्याकाळी पेठांमधले रस्ते बंद. विसर्जनाचा दिवस आणि त्याचा दुसरा दिवस धरूच नका. मध्ये 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा. उत्तर प्रदेश-बिहारचे सुतार त्या दिवशी हत्यार उचलत नाहीत, आणि पुण्यातल्या साइटवर बहुतेक सुतार तिकडचेच असतात. पुढे खंडेनवमी, म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. पंचवीस वेळा सांगून झालं तरी लोक हे विसरतात: ज्या दिवशी तुम्हाला शेवटचे दहा स्क्रू मारून हवे असतात, त्या दिवशी करवत, रंधा, ड्रिल सगळं पूजेत मांडलेलं असतं. असं सगळं वजा केलं की चाळिसातले बत्तीस उरतात. त्यातले शेवटचे चार सफाईचे आणि ट्रायलचे. म्हणजे खरं काम अठ्ठावीस दिवसांचं.

या सगळ्यात एक पंधरवडा मात्र तुमच्या बाजूचा आहे, पितृपक्ष. त्या काळात लोक नवीन काही घेत नाहीत, त्यामुळे फर्निचरवाले, टाइल्सवाले, दिव्यांची दुकानं रिकामी असतात. तुमची ऑर्डर त्या दिवसांत वर्कशॉपमध्ये एकटी असते, भाव नीट मिळतो, गाडी वेळेवर येते. घरच्या वडीलधाऱ्यांना पटत नसेल तर बयाणा गणपतीत देऊन ठेवा, काम पितृपक्षात होऊ द्या. बऱ्याच मोठ्यांना हा तोडगा चालतो.

आता पहिला आठवडा. या आठवड्यात साइटवर ठोकाठोकी कमी आणि कागद जास्त.

सगळ्यात आधी धुराचा रस्ता. मालवणी हॉटेल म्हणजे मासे तळणार, खोबऱ्याचं वाटण भाजणार. त्याचा वास आणि तेलकट धूर बाहेर कुठून जाणार? वरती रहिवासी सोसायटी असेल तर डक्ट, म्हणजे धुराचं पत्र्याचं नळकांडं, गच्चीच्याही वर न्यावा लागतो, आणि त्यासाठी सोसायटीची लेखी परवानगी लागते. सहा-सात वर्षांपूर्वी माझंच एक काम इथे अडकलं होतं. मालकाने सांगितलं, 'चेअरमन ओळखीचे आहेत, बोलणं झालंय.' आम्ही डक्ट बनवून आणला, पहिल्या मजल्यापर्यंत चढवला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी काम थांबवलं. त्यांचं चुकीचं नव्हतं, त्यांच्या बेडरूमच्या खिडकीपासून डक्ट दोन फुटांवर होता. दहा दिवस गेले. शेवटी मार्ग बदलला, मोटर गच्चीवर रबराच्या पॅडवर बसवली आणि तोंड गच्चीच्या कठड्यापेक्षा पुरुषभर उंच नेलं, तेव्हा सही मिळाली. सोसायटीची ही सही हातात येईपर्यंत फर्निचरला एक रुपया ॲडव्हान्स देऊ नका. सही मिळणारच नसेल तर आज कळलेलं बरं.

धूर बाहेर काढायचा तर तितकीच ताजी हवा आत आणायला हवी, हे सांगायला सहसा कुणी येत नाही. फक्त एक्झॉस्ट बसवला की किचन हॉलमधली एसीची गार हवा ओढून घेतं, दार उघडायला जोर लागतो, आणि तरीही आचाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी थांबत नाही. जेवढी हवा काढाल त्याच्या साधारण ऐंशी टक्के बाहेरून आत सोडणारा वेगळा पंखा आणि डक्ट हवाच. हूड, म्हणजे शेगडीवरचं धूर ओढणारं छत्र, शेगडीपेक्षा चारी बाजूंनी किमान सहा इंच मोठा ठेवा.

दुसरा कागद विजेचा. कपड्यांच्या दुकानाला तीन-पाच किलोवॉटचं कनेक्शन पुरत असतं. तुमचा हिशेब करू: दोन-दोन टनांचे तीन एसी, एक्झॉस्ट आणि ताज्या हवेची मोटर, माशांसाठी डीप फ्रीझर, दोन फ्रिज, वाटणाचा ग्राइंडर, गीझर, दिवे. हे सहज वीस किलोवॉटच्या घरात जातं, आणि थ्री-फेज लागतं. महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज पहिल्या दोन दिवसांत गेला पाहिजे. त्या भागातल्या ट्रान्सफॉर्मरवर जागा नसेल तर तुमच्या दसऱ्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. फूड लायसन्स, महापालिकेचे परवाने, गॅसची जोडणी यांचे अर्जही याच आठवड्यात. त्यासाठी एक माणूस वेगळा नेमा. साइट सांभाळणाऱ्या माणसालाच कचेऱ्यांच्या चकरा मारायला लावलं की दोन्ही कामं बुडतात.

तिसरी गोष्ट लेआउट. 1,200 मधून किचन आणि भांडी घासायची जागा 400, टॉयलेट, हात धुण्याची जागा, काउंटर आणि छोटं स्टोअर मिळून 130. उरले 670. माणशी पंधरा फूट धरले की चव्वेचाळीस खुर्च्या. डिझायनर कागदावर साठ बसवून दाखवेल. बसतातही, पण मग वाढप्याला ताटं घेऊन आडवं चालावं लागतं. कागदावर भांडत बसू नका. खडू घ्या, रिकाम्या गाळ्याच्या फरशीवर टेबलं आखा, घरातल्या चार खुर्च्या आणून ठेवा, त्यांवर माणसं बसवा आणि हातात दोन ताटं घेऊन मधून चालून बघा. वाढप्याच्या मुख्य वाटेला तीन फूट हवेतच. बसल्यावर खुर्ची मागे सरकते, ती जागा वेगळी धरायची. हा खडूचा प्रयोग एका दुपारचा आहे, आणि एकदा ठरलं की विजेचे पॉइंट, एसीच्या जागा, दिवे सगळं त्यावर बसतं. त्यानंतर टेबल एक फूटही हलवायचं नाही, कारण डोक्यावरचा दिवा हलत नाही.

आता मोठं काम, किचनची फरशी. दुकानाच्या गाळ्यात ड्रेनेज नसतं, असलं तर कोपऱ्यात एक नहाणी ट्रॅप. खाली तळघर किंवा पार्किंग असेल आणि स्लॅब फोडता येत नसेल, तर पाइपांना उतार मिळावा म्हणून किचनची फरशी पाच-सहा इंच उचलावी लागते. उचलली की किचनच्या दारात पायरी येते, आणि पायरी आली की पहिल्याच शनिवारी कुणीतरी सोलकढीचे आठ ग्लास घेऊन आडवा होतो. तिथे पायरी करू नका, चार-पाच फूट लांबीचा उतार करा. त्यासाठी हॉलमधली जागा जाते, म्हणून हे खडूच्या दिवशीच ठरवायचं. आधीच्या त्या 670 फुटांतून हा उतार वजा करून मग खुर्च्या मोजा.

वॉटरप्रूफिंग झालं की त्यावर पाणी भरून अठ्ठेचाळीस तास सोडायचं आणि खाली ओल येते का बघायचं. ठेकेदार म्हणेल, 'साहेब, चोवीस तास पुष्कळ झाले, माझी गॅरंटी आहे.' गॅरंटी त्याच्याकडेच राहू द्या, पाणी अठ्ठेचाळीस तास ठेवा. माझ्या बावीस वर्षांत घाईत वाचवलेला सगळ्यात महाग दिवस हाच होता: उद्घाटनानंतर तीन आठवड्यांनी खालच्या गाळ्याच्या छतातून थेंब पडायला लागले आणि चालू किचनची फरशी फोडावी लागली. फरशीला घसरडी नसलेली टाइल, सांध्यांना इपॉक्सी ग्राउट. साध्या सिमेंटच्या सांध्यात तेल मुरतं आणि वर्षभरात वास यायला लागतो. इपॉक्सी चालण्याजोगं दुसऱ्या दिवशी होतं, पण त्यावर ॲसिड-फिनाइल मारायचं असेल तर सात दिवस थांबा. ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारी पेटी, जिथून काढून साफ करता येईल तिथेच बसवा. ओट्याखाली कोपऱ्यात बसवला तर तो साफ होत नाही, कुणी काहीही शपथ घेऊन सांगो.

हॉलमधली जुनी फरशी पोकळ वाजत नसेल आणि लेव्हलला असेल तर फोडू नका. टाइल ॲडहेसिव्ह लावून त्यावरच नवी बसवा. फोडणं, डबर खाली नेणं, कोबा करणं यातले चार-पाच दिवस वाचतात, वरच्या मजल्याच्या शिव्याही वाचतात. फक्त शटर आणि दारं अर्धा इंच वर घ्यावी लागतील. टाइल घेताना दुकानदाराला एकच विचारा: माल पुण्यातल्या गोडाऊनमध्ये पडून आहे का? 'मोरबीहून मागवून देतो' म्हटलं की दुसरी टाइल बघा, कितीही मनात भरली असली तरी. आणि दहा टक्के जास्त घ्या, सगळे खोके एकाच लॉटचे. नंतर कमी पडलेल्या चार खोक्यांची छटा कधीच जुळत नाही, आणि तो पट्टा हमखास दारासमोर येतो.

भिंती जिथे नव्याने गिलावा करायच्या आहेत तिथे हॉलमध्ये जिप्समचा गिलावा घ्या. सिमेंटच्या गिलाव्याला सात दिवस पाणी मारायचं, मग तो पूर्ण वाळायला तीन-चार आठवडे. भाद्रपदातल्या दमट हवेत त्याहून जास्त. ओल्या गिलाव्यावर रंग मारला की दिवाळीपर्यंत फोड येतात. जिप्समला पाणी मारावं लागत नाही, आठवड्याभरात पुट्टी घेता येते. मात्र किचनमध्ये, टॉयलेटमध्ये, जिथे पाणी लागतं तिथे जिप्सम अजिबात नको.

फर्निचरबद्दल माझं मत थोडं कडक आहे. इतक्या कमी दिवसांत खुर्च्या साइटवर बनवायच्या नाहीत आणि जोधपूरहूनही मागवायच्या नाहीत. ट्रकचा प्रवास, मध्ये सणांची गर्दी, एखादी खुर्ची डुगडुगती आली तर परत पाठवायला वेळ नाही. पुण्या-मुंबईत तयार स्टॉकमध्ये ज्या चव्वेचाळीस एकसारख्या मिळतील त्यातल्या बऱ्या घ्या, शिवाय चार जादा. निवडताना त्यावर अर्धा तास बसून बघा. दुकानात दोन मिनिटं बसून सगळ्याच खुर्च्या आरामाच्या वाटतात. बैठक जमिनीपासून अठरा इंच, टेबल तीस इंच, हे माप सांभाळा. टेबलांचे लोखंडी पाय इथल्या फॅब्रिकेटरकडून पावडर कोटिंगसह दहा-बारा दिवसांत होतात. पायांचा तळ जड हवा आणि खाली फिरवून उंची जुळवता येणारी बटणं हवीत. डुगडुगणाऱ्या टेबलाखाली कागदाची घडी सारणारा वाढपी मला बघवत नाही.

टेबलाच्या वरच्या भागासाठी तुमच्या फोटोंमध्ये पांढरा संगमरवर दिसतोय. कृपा करून नको. कोकम आंबट असतं, संगमरवराची चकाकी ते खाऊन टाकतं. हळद आत मुरते. दोन महिन्यांत प्रत्येक ताटाभोवती एक पिवळं वर्तुळ दिसेल. लाकडावर मेलामाइन पॉलिश केलं तर गरम भांड्याखाली पांढरा डाग पडतो. काळा ग्रॅनाइट किंवा चांगल्या जाडीचं लॅमिनेट घ्या. काळ्या ग्रॅनाइटवर केळीचं पान किती छान दिसतं ते एकदा ठेवून बघाच. किचनजवळचं आणि बेसिनखालचं जे काही प्लायमध्ये करायचंय ते 710 ग्रेडच्या प्लायमध्ये. 303 चा माल हॉलमधल्या कोरड्या कामाला चालतो. शिक्का बघून घ्या, बिलावर ग्रेड लिहून घ्या.

सुतारकाम साइटवर कमीत कमी. बाकडी, काउंटर, जाळीचे पार्टिशन हे सगळं वर्कशॉपमध्ये कापून, लॅमिनेट लावून आणायचं आणि इथे फक्त जोडायचं. साइटवर करवत चालू असेपर्यंत रंगारी येऊ शकत नाही, आणि रंगारी हा प्रत्येक कामातला शेवटचा बळी. सगळ्यांचा उशीर त्याच्या दिवसांतून कापला जातो. त्याला सलग दोन दिवस रिकामा हॉल द्या. बाकीच्यांना त्या दोन दिवसांत सुट्टी द्या, चहाला पाठवा, काहीही करा. पुट्टीचे हात, प्रायमर, पहिला हात आधी झालेला असतो. त्या दोन दिवसांत शेवटचा हात.

आता वाडा. इथे थोडा थांबतो, कारण तुमचे दीडशे फोटो याचेच आहेत. पुण्यात वाड्याच्या थीमची हॉटेलं पुष्कळ झालीत आणि सगळ्यांच्या भिंतीवर तोच कंदील, तीच टांगलेली सायकल, तेच प्लास्टिकचं तुळशीवृंदावन आहे. शिवाय तुमचं जेवण मालवणी. पेशवाई वाड्याच्या चौकात बसून बांगड्याचं तिखलं खाणं मला तरी विचित्र वाटतं. मालवणी घर म्हणजे जांभ्या दगडाचं जोतं, लाल कौलं, पडवी, पडवीतलं बाकडं, शेणाने सारवलेलं अंगण. यातली एकच गोष्ट उचला आणि ती नीट करा. मी पडवी उचलली असती. रस्त्याकडच्या बाजूला, काचेला लागून, सलग बाकडं आणि वर उतरती कौलं. दोन दिवसांचं काम आहे. जुनी मंगलोरी कौलं पाडलेल्या घरांची मिळतात, धुऊन सुकवून लोखंडी फ्रेमवर बसवायची. बाकी भिंती साध्या पांढऱ्या, खालचा तीन फुटांचा पट्टा गेरूच्या रंगात. गेरूचा पट्टा स्वस्त आहे, एका दिवसात होतो, खुर्च्यांच्या पाठींचे ओरखडे लपवतो आणि आपल्याकडच्या प्रत्येक माणसाला त्यात आजोळ दिसतं.

तरीही वाड्याचं लाकूड हवंच असेल तर एखादा खरा खांब आणा, खाली दगडी तळखडा असलेला. पेठांमधले वाडे पडतात तेव्हा त्यांचं सागवान काही व्यापाऱ्यांकडे येतं. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर मारलीत तर कड्या, कोयंडे, पितळी वस्तू मिळतील. जुन्या सागवानात खिळे असतात, ते काढता काढता सुताराचं पातं जातं आणि दिवस जातात. भुंगा लागलेलं असेल तर औषध मारून मगच आत घ्या. पूर्ण छताला खोटा कडीपाट करू नका. आठ-दहा दिवस आणि बराच पैसा जातो, आणि एसीची दुरुस्ती करायला आलेला माणूस पहिल्याच वर्षी तो कापतो. छत उघडं ठेवून एकाच गडद रंगात रंगवा. वायरी आणि डक्ट सरळ रेषेत नेलेले असले की ते वाईट दिसत नाही.

एका गोष्टीवर पैसे खर्च करा असं म्हणेन, काउंटरवरचे तांब्याचे दिवे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोक्यांचं मठारकाम करणारे कारागीर आजही आहेत आणि दिव्यांच्या छत्र्याही घडवतात. ऑर्डर पहिल्या आठवड्यात द्या, तीन आठवडे धरा. वेळेत नाहीच आले तर साधा बल्ब लोंबकळत ठेवून उद्घाटन करा, छत्री नंतर चढवता येते. नंतर चढवता येणाऱ्या गोष्टींची यादी भिंतीवर चिकटवून ठेवा आणि घाबरायला झालं की तिच्याकडे बघा: फोटोफ्रेम, कुंड्या, पडदे, तांब्याच्या छत्र्या, बाहेरच्या भिंतीवरचं चित्र.

दिव्यांसाठी तापकीर गल्लीत जाताना केल्व्हिनचा, म्हणजे प्रकाशाच्या छटेचा, आकडा सांगून माल घ्या. 'वॉर्म' म्हणालात तर प्रत्येक दुकानदार वेगळा वॉर्म देतो. जेवणाच्या टेबलावर 2,700 ते 3,000, आणि रंग खरे दाखवणारा, म्हणजे सीआरआय 90 किंवा त्यावरचा. पांढऱ्या थंड दिव्यात तिखलं करडं दिसतं. सगळे दिवे एकाच कंपनीचे, एकाच खेपेत. भिंतीचा रंग दुपारी दारात उभं राहून ठरवू नका. तुमचं गिऱ्हाईक रात्री आठला येणार. ठरलेले दोन दिवे तात्पुरते टांगा, भिंतीवर दोन बाय दोनचे तीन नमुने मारा आणि अंधार पडल्यावर बघा. मी स्वतः एकदा सुंदर मोरपंखी रंग दिवसा निवडला होता. रात्री पिवळ्या दिव्याखाली तो शेवाळलेल्या विहिरीसारखा दिसला आणि सगळा हॉल पुन्हा रंगवला, माझ्या खर्चाने.

आवाजाचा विचार कुणीच आधी करत नाही, कारण रिकाम्या हॉलमध्ये तो कळत नाही. ग्रॅनाइट, टाइल, काच, उघडं छत. चव्वेचाळीस माणसं एकदम बोलायला लागली की समोरच्याला ओरडून सांगावं लागतं. यावर स्वस्त उपाय म्हणजे भिंतीच्या वरच्या भागात कापडात गुंडाळलेले ध्वनिशोषक बोर्ड. त्यावर गोधडीचं कापड ताणून लावलंत तर सजावटही तीच. आणखी एक चोरटा उपाय: टेबलांच्या खालच्या बाजूला फोमऐवजी फेल्टची जाड पट्टी चिकटवणं. दिसत नाही, फरक पडतो.

फोम नको म्हणालो त्याचं कारण आग. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिल्सच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि 14 जणांचा जीव गेला. तेव्हापासून बांबूची चटई, सुकं गवत, साधं थर्माकोल, नायलॉनच्या झालरी मी कुठल्याही छताला लावत नाही, मालकाने कितीही फोटो दाखवले तरी. मालवणी थीममध्ये नारळाच्या झावळ्या लावायचा मोह तुम्हालाही होईल. कौलं लावा. कापडं आग रोखणाऱ्या प्रक्रियेची घ्या. मागचं दार सामान ठेवायची जागा होऊ देऊ नका आणि ते बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. फायरचं काम सरकारी परवाना असलेल्या एजन्सीकडूनच करून घ्या, कारण प्रमाणपत्र तिचंच चालतं.

वासाबद्दल एकच. सॉल्व्हंटचं पीयू पॉलिश दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात हॉलमध्ये मारलंत तर उद्घाटनाला पाहुण्यांना सुरमई आधी थिनरच्या वासात मिळेल. पाण्याचं पीयू घ्या, किंवा पॉलिश वर्कशॉपमध्येच उरकून आणा. शिवाय पावसाळी हवेत मेलामाइन पॉलिश मारलं की ते पांढुरकं पडतं आणि घासून पुन्हा मारावं लागतं.

बाहेरचा बोर्ड लोक शेवटच्या आठवड्यासाठी ठेवतात. तो तिसऱ्या आठवड्यात बनायला टाका. महाराष्ट्रात दुकानाचं नाव देवनागरीत, ठळकपणे लिहावं लागतं. इंग्रजी नाव हवं असेल तर मराठी अक्षरं त्याच्यापेक्षा लहान चालत नाहीत. डिझायनरकडून आलेल्या फाइलमध्ये हे बहुतेक वेळा उलटं असतं. प्रकाशित बोर्डाला महापालिकेची परवानगीही लागते. जोडाक्षरं स्वतः वाचून मंजूर करा. 'सुरमई'तला 'ई' ऱ्हस्व झालेला बोर्ड मी चढताना बघितलाय.

पैशाचं. ठेकेदाराला निम्मे पैसे आगाऊ देऊन मोकळे होऊ नका. टप्पे ठरवा: पाणी भरून तपासणी झाली की एक, वायरिंग आणि एसीचे पाइप तपासून छत रंगवलं की एक, फर्निचर आलं की एक. शेवटचे दहा टक्के ट्रायलनंतर पंधरा दिवसांनी. रात्रपाळीची मजुरी जास्त पडते आणि रहिवासी इमारतीत रात्री दहानंतर ठोकाठोकी करता येत नाही, म्हणून रात्री फक्त रंग, ग्राउट, वायर ओढणं अशी मुकी कामं ठेवा. एकूण बजेटमधले दहा टक्के बाजूला काढून ठेवा आणि ते बाजूला काढलेत हे डिझायनरला सांगू नका.

किचन तेहतिसाव्या दिवशी आचाऱ्याच्या ताब्यात द्या, हॉल अर्धवट असला तरी. तो पहिल्या तासात तुम्हाला सांगेल की ग्राइंडरजवळ प्लग नाही, ताटं ठेवायची खिडकी चार इंच उंच आहे आणि माशांच्या सिंकचं पाणी उलटं येतंय. हे आत्ता कळायला हवं. त्यानंतर तीन संध्याकाळी घरच्यांना आणि शेजाऱ्यांना फुकट जेवायला बोलवा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू असतील तर त्यांना पहिल्या दिवशी.

खंडेनवमीला सुतारांना सांगा की हत्यारांची पूजा तुमच्या हॉलमध्येच मांडा. त्या निमित्ताने सगळी टोळी सकाळी आंघोळ करून साइटवर हजर असते. पूजा झाली, पेढे झाले, की हत्याराला हात न लावता होणारी कामं त्यांच्याकडून करून घेता येतात: खुर्च्यांवरचं प्लास्टिक काढणं, काचा पुसणं, टेबलांखालची बटणं फिरवून लेव्हल करणं. आणि दाराला झेंडूचं तोरण. ते मात्र खिळा न मारता बांधायची सोय आधीच करून ठेवा, चौकटीच्या वर दोन हूक, रंगाच्या शेवटच्या हाताआधी.